थापटणे आणि मौन

अमूर्त चित्रकलेविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यातले एक वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते कोणीही उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटत नाही. ‘अमूर्त चित्र समजून घ्यायचे नसते, ते अनुभवायचे असते’ हे ते वाक्य. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात ते असते, दिवाळी अंकातल्या लेखात ते असते, आणि कलादालनात बिचकत शिरलेल्या एखाद्या नवख्या प्रेक्षकाने ‘हे काय आहे?’ असे विचारलेच तर त्याची बोळवणही याच वाक्याने होते. पुढे या वाक्याच्या मदतीला जपान धावून आला. चित्रातली रिकामी जागा म्हणजे झेन, रंगाचा पातळ थर म्हणजे झेन, चित्रकाराचे कमी बोलणे म्हणजेही झेन. आणि या सगळ्याचा सर्वांत हाताशी असलेला दाखला म्हणजे जपानी चहापानविधीतला तो ओबडधोबड, किंचित कलता, काळपट कटोरा. तो पाहा, त्याच्यासमोर शांत बसा, काही विचारू नका. आणि मग तसेच चित्रासमोर बसा, असा उपदेश त्यातून निघतो.

आमचे म्हणणे असे की हा उपदेश जपानविषयी चुकीचा आहे, ज्या चित्रकारांच्या नावाने तो केला जातो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, आणि आमच्यासारख्या आडगावच्या प्रेक्षकाला तर तो सरळसरळ दाराबाहेर ठेवणारा आहे. हे आम्ही नळदुर्गातून लिहीत आहोत, याला महत्त्व आहे. ते का, हे पुढे येईलच.

आधी जपानकडे वळू. पंधराव्या शतकात मुराता जुको, त्यानंतर ताकेनो जोओ आणि सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनी चहापानाला जे वळण दिले त्यात चिनी बनावटीच्या निर्दोष, चकचकीत पात्रांची जागा हळूहळू साध्या, खडबडीत पात्रांनी घेतली, हे खरे आहे. रिक्यूने चोजिरो नावाच्या कारागिराकडून कटोरे घडवून घेतले. हा चोजिरो कौले घडवणारा. त्याचे कटोरे चाकावर फिरवलेले नसून हाताने दाबून, मग कोरून घडवलेले असत. तांबडे किंवा काळे, बिननक्षीचे. आजच्या डोळ्यांना ते एखाद्या अमूर्त शिल्पासारखे दिसतात यात शंका नाही. परंतु या कटोऱ्यांभोवती मौन होते, ही समजूत कोठून आली? ती बहुतांशी इंग्रजीतून आली. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली चहाविषयीचे आपले प्रसिद्ध पुस्तक इंग्रजीत लिहिले ते पाश्चात्त्य वाचकासाठी. आणि आपणही जपानला त्याच खिडकीतून पाहत आलो.

प्रत्यक्षात चहापानविधीत पात्रांकडे पाहण्याचा एक स्वतंत्र टप्पा असतो. त्याला ‘हाइकेन’ म्हणतात. चहा पिऊन झाला की मुख्य पाहुणा यजमानाला विनंती करतो की पात्रे पाहू द्या. मग चहापुडीची छोटी बरणी, बांबूची चमची, बरणीची रेशमी पिशवी अशा वस्तू पाहुण्यांपुढे मांडल्या जातात. पाहुणा वाकतो, कोपरे गुडघ्यांपाशी टेकवतो, म्हणजे वस्तू हातातून निसटली तरी ती फार उंचावरून पडू नये. ती हातात घेतो, फिरवून पाहतो, शेजाऱ्याकडे देतो. आणि त्यानंतर प्रश्न विचारतो. बरणीचा आकार कोणता? ती कोणत्या भट्टीतली? पिशवीचे कापड कोणते? चमची कोणी कोरली? तिचे नाव काय? यजमान एकेका प्रश्नाचे उत्तर देतो. हे प्रश्न विचारणे म्हणजे विधीत व्यत्यय आणणे नव्हे. ते विधीचेच अंग आहे. ते न विचारणारा पाहुणा अडाणी ठरतो.

वस्तूंना नावे असतात, हेही लक्षात घ्यावे. १५९१ साली तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकुमावरून रिक्यूला आत्महत्या करावी लागली. मृत्यूपूर्वी त्याने बांबूची एक चमची कोरली आणि आपला शिष्य फुरुता ओरिबे याला दिली. तिचे नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू. ओरिबेने तिच्यासाठी जी नळी करवून घेतली तिला एक चौकोनी झरोका ठेवला, आणि त्या झरोक्यातून दिसणाऱ्या चमचीला तो गुरूच्या स्मृतिफलकासारखा वंदन करी असे सांगतात. आज ती नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. आता या वस्तूकडे पाहा: बांबूची एक चीप, एका टोकाला वाकवलेली. नाव काढून घेतले, ओरिबे काढून घेतला, १५९१ काढून घेतले, की मागे उरेल ती निव्वळ एक सुबक रेषा. ‘शांतपणे अनुभवा’ म्हणणारा माणूस आपल्याला ही रेषा देतो आणि अश्रू काढून घेतो.

किंवा ‘किझाएमोन’ कटोरा घ्या. मुळात कोरियातला, कोणा अनामिक कुंभाराने रोजच्या वापरासाठी केलेला. तो जपानात आला, ताकेदा किझाएमोन या ओसाकाच्या व्यापाऱ्याकडे गेला, त्याचे नाव लेवून पुढे सरकला. हा व्यापारी दरिद्री झाला तरी त्याने कटोरा विकला नाही आणि शेवटी अंगावर गळवे येऊन मेला, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकात मात्सुदाइरा फुमाइ या सरदाराने तो विकत घेतला. त्याच्या घरातही गळव्यांचा शाप फिरला असे म्हणतात, आणि शेवटी तो क्योतोतल्या दाइतोकुजी मठाच्या आवारातील कोहोआन या मंदिरात जाऊन विसावला. जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. हा कटोरा एकात एक ठेवलेल्या पेट्यांमध्ये असतो. पेटी ही या परंपरेत केवळ वेष्टन नसते. तिच्या झाकणावर करणाऱ्याने, मालकाने किंवा जाणकाराने लिहिलेला मजकूर असतो आणि त्या मजकुराशिवाय कटोरा अर्धा मानला जातो. थोडक्यात, जगातील सर्वांत मौनी समजली जाणारी ही पात्रे जगातील सर्वांत जास्त बोलली गेलेली पात्रे आहेत.

येथे कोणी यानागी सोएत्सू (१८८९-१९६१) यांचे नाव आमच्यापुढे करील, आणि ते रास्तच होईल. किझाएमोन कटोऱ्यावर सर्वांत प्रभावी लेखन यानागींचेच. त्यांचे मत असे की आधी पाहावे, मग जाणावे. जाणून घेतल्यावर पाहणारा वस्तूला पाहतच नाही, तो आपले ज्ञान पाहतो. पेट्या, वंशावळी आणि नावे यांच्या नादी लागलेल्या चहापंडितांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. तोक्योत १९३६ साली त्यांनी लोककलांचे जे संग्रहालय उघडले त्यात नामपट्ट्या मुद्दाम त्रोटक ठेवल्या गेल्या. हा आक्षेप आम्ही हलक्याने घेत नाही. नामपट्टी वाचून पुढे सरकणारा, चित्राकडे तोंडदेखले पाहणारा प्रेक्षक आपणही पाहिलेला आहे. परंतु यानागींनी स्वतः काय केले? त्यांनी मासिक चालवले, कोरियाभर आणि जपानभर हिंडून वस्तू जमवल्या, आणि ‘थेट पाहणे’ म्हणजे काय हे सांगण्यासाठी आयुष्यभर लिहिले. त्यांच्या त्रोटक नामपट्टीमागे ग्रंथांचे एक कपाट उभे होते. आपल्याकडचा मौनवादी त्यांची त्रोटक नामपट्टी उचलतो आणि कपाट तेथेच सोडून येतो.

आता चित्रांकडे. ‘झेन’ हा शिक्का मराठी माणसाच्या बाबतीत सर्वाधिक बसला तो वासुदेव गायतोंडे यांच्यावर. जन्म १९२४, नागपूर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका १९४८, रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क १९६४, पुढे दिल्ली, मृत्यू २००१. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. त्यांना झेनविषयी आस्था होती हे निर्विवाद आहे. तशीच ती रमण महर्षींविषयी होती आणि निसर्गदत्त महाराजांविषयीही होती. हे तिसरे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, आणि ते का घेतले जात नाही याचा विचार करण्यासारखा आहे. निसर्गदत्त हे मुंबईत विडीचे दुकान चालवणारे गृहस्थ; ते मराठीत बोलत, आणि त्यांची शिकवण म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी झालेली प्रश्नोत्तरे. मॉरिस फ्रिडमन यांनी त्या संवादांचे इंग्रजी रूप १९७३ साली प्रसिद्ध केले आणि जगभर ते वाचले गेले. म्हणजे गायतोंडे यांच्या ‘मौना’चा एक स्रोत मुंबईच्या गल्लीत मराठीतून चाललेला वादसंवाद हा आहे. पण वादसंवाद म्हटला की प्रश्न आले. आणि प्रश्न नको असलेल्यांना क्योतो जवळचे वाटते, खेतवाडी लांब.

गायतोंडे स्वतः अत्यंत कमी बोलत, वर्षाकाठी मोजकी पाच-सहा चित्रे करीत, आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ न म्हणता ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द पसंत करीत, हे सर्व ठाऊक आहे. चित्रकाराने बोलू नये, हा त्याचा हक्क आहे. समीक्षकाने बोलू नये, ही पळवाट आहे. कारण गायतोंडे यांच्या चित्राविषयी सांगता येण्याजोगे पुष्कळ आहे. त्यांनी कुंचला बऱ्याच अंशी दूर ठेवला आणि रोलर व पॅलेट-सुरी हाती घेतली. रोलर फिरवला की हाताची सही पुसली जाते, कुंचल्याच्या फटकाऱ्यातला आवेश निघून जातो. सुरीने थर ओढला की खालचा रंग वर येतो. म्हणजे त्यांच्या चित्रात जे प्रकाशासारखे दिसते तो वरून टाकलेला उजेड नसतो. ते पुष्कळदा आधीच्या थराचे उघडे पडणे असते. हे एकदा कळले की प्रेक्षक चित्राकडे वेगळ्या रीतीने पाहू लागतो: काय आधी, काय नंतर, कोठे थांबले, कोठे काढून टाकले. तो चित्राचा काळ वाचू लागतो. अनुभव यामुळे उणावतो की वाढतो?

हे सांगायचे सोडून आपण गप्प बसलो, त्याचा परिणाम काय झाला तेही पाहावे. जेथे समीक्षक गप्प बसतो तेथे लिलाववाला बोलतो. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्तीजच्या लिलावात गायतोंडे यांचे १९७९ सालचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले, आणि दुसऱ्या दिवशी ज्या मराठी वृत्तपत्रवाचकाने गायतोंडे हे नावही कधी ऐकले नव्हते त्याला ते आकड्यासकट कळले. नंतरच्या लिलावांनी तो आकडाही मागे टाकला. ‘चिन्ह’सारख्या नियतकालिकाने चिकाटीने गायतोंडे यांच्यावर मजकूर मिळवून छापला नसता तर मराठीत त्यांच्याविषयी रकमेखेरीज फारसे काही उरले नसते. मौनाने चित्राचे पावित्र्य राखले जाते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मोकळी ठेवलेली जागा मोकळी राहत नाही. तेथे किंमत येऊन बसते.

असो. हा प्रश्न आपल्याला नवा नाही, ही खरी खंत आहे. मराठी सौंदर्यविचारात तो फार चांगल्या रीतीने मांडला गेलेला आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीची घडण उभी केली; कलाकृती तिच्या बाहेरच्या कोणत्याही उपयोगाची बांधील नाही, हा त्या विचाराचा कणा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये दाखवून दिले की आपल्या सौंदर्यविषयक बोलण्याला एक ध्रुव नाही, दोन आहेत: एक अलौकिकतावादी, एक लौकिकतावादी, आणि आपण सतत या दोहोंत ये-जा करीत असतो. चहाचा कटोरा हा या द्विध्रुवी विचाराचा जणू पाठ्यपुस्तकातला दाखला म्हणावा असा. तो पाहण्याची वस्तू आहे आणि त्यातून चहाही प्यायचा आहे. त्याची काठाची जाडी ओठाला कशी लागते हा त्याच्या सौंदर्याचाच भाग आहे. द. ग. गोडसे यांनी तर ‘पोत’ हा विणकराचा शब्द कलाविचारात आणून ठेवला. एवढी सामग्री हाताशी असताना आपण ‘अनुभवा’ या एका आज्ञार्थावर का अडून बसलो आहोत?

आमच्या जिल्ह्याकडे पाहा. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात या बाजारपेठेचा उल्लेख आहे, येथून कापड भडोचला जात असे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू जमवल्या, जपल्या, आणि त्यातून आज त्यांचेच नाव असलेले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेथे भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, दिवे आहेत, मणी आहेत, भांडी आणि खापरे आहेत. हेच तेर संत गोरा कुंभार यांचे गाव. आणि गोरोबाकाकांची एक कथा महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे: संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते असे काकांनी सांगितले, मग आमचीही परीक्षा करा म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. नामदेव रागावले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले, ही पुढची कथा.

ही कथा आपण नेहमी अध्यात्माची म्हणून ऐकतो. ती समीक्षेचीही आहे. मडके पाहून भागत नाही, ठोकून ऐकावे लागते. खणखणीत आवाज आला तर ते आव्यात नीट भाजले गेले, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. ही परीक्षा आमच्याकडे बाजारात मडके घेणारी प्रत्येक बाई करीत आली आहे. बोटाच्या पेराने टिचकी मारल्याशिवाय ती पैसे देत नाही. नंतर ती विचारते: माती कुठली, पाणी गार राहील का, पाझरेल का? जपानी पाहुणा जे गुडघ्यावर वाकून विचारतो तेच ती उकिडवी बसून विचारते. तिच्या पाहण्यात मौन नाही आणि तिच्या पाहण्याला कोणी ‘अनुभव’ म्हणत नाही. परंतु तीच बाई शहरातल्या कलादालनात गेली तर तिला पहिल्यांदा सांगितले जाईल ते असे, की ताई, विचारू नका, फक्त पाहा. तिच्याजवळ जे एकमेव हत्यार होते तेच दारात काढून ठेवायला लावायचे आणि वर तिला ‘रसिकता नाही’ म्हणून हिणवायचे, हा आमच्या मते मौनवादाचा खरा गुन्हा आहे.

यावर उत्तर येईल की संग्रहालयात मडक्याला टिचकी मारता येत नाही आणि चित्राला हात लावता येत नाही. मान्य. दोन हजार वर्षांच्या खापरावर कोणी थापटणे चालवावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु काचेने हात अडवला म्हणून प्रश्नही अडावा असे कोठे आहे? उलट हात अडवला गेला म्हणूनच शब्दाची जबाबदारी वाढते. हाताला जे कळले असते ते नामपट्टीने सांगायला हवे. ‘मृत्पात्र, भाजलेली माती, सातवाहनकाळ, तेर’ या चार शब्दांत वस्तूची नोंद होते, ओळख होत नाही. ते चाकावर घडले की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटून वाढवले? काठ बाहेर का वळवला? तळ काळा का पडला, आव्यातल्या धुराने की चुलीवरच्या धुराने? पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, दौती, पंचपात्री, लाटणी असा घरगुती संसार गोळा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्या संग्रहातला एकेक अडकित्ता हातात धरल्यावर कोणत्या बोटावर भार येतो हे सांगणारे मराठी वाक्य लिहिले गेले पाहिजे. तो लिहिणारा समीक्षकच असेल, मग त्याचे नाव कलासमीक्षेच्या यादीत नसले तरी चालेल.

मौनाच्या जोडीने चालणारी दुसरी एक लबाडी येथेच सांगून टाकतो. ‘आमच्या कुंभाराचे मडके म्हणजे अमूर्त शिल्पच’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. वरवर हा मडक्याचा गौरव वाटतो. पण त्यात गृहीत असे की मडके मडके म्हणून कमी आहे आणि शिल्प म्हटल्याने त्याला बढती मिळते. बढती देताना त्याचे पाणी ओतून टाकायचे, हे त्यात ओघाने येते. जपानी चहागुरूंनी हे केले नाही, हे त्यांचे मोठेपण. कोरियन शेतकऱ्याच्या कटोऱ्याला त्यांनी ठेव्याचा मान दिला तो त्यात चहा ओतून. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत आणि त्याच इमारतीत २०११ साली जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक भारतीय चित्रसंग्रहाचे दालन सुरू झाले. एका छपराखाली दोन्ही आले. दोहोंमधून एकच पाहुणा चालत जातो. पण पहिल्या ठिकाणी त्याला ‘कारागिरी’ पाहायला शिकवलेले असते, दुसऱ्या ठिकाणी ‘अनुभूती’ घ्यायला. त्याच्या दोन डोळ्यांची ही वाटणी कोणी केली?

आणि आता नळदुर्ग. बोरी नदीवरचा हा किल्ला. आदिलशाहीत त्याची तटबंदी मजबूत झाली आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, किल्ला आणि रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी धरण बांधले गेले. हे धरण उघडउघड उपयोगाचे: पाणी अडवायचे, किल्ल्याला पुरवायचे. पण ज्याने ते बांधले त्याने धरणाच्या पोटातच एक महाल काढला. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत, खिडकीपाशी उभा असलेला माणूस कोरडा राहून ते डोळ्यांसमोरून पडताना पाहतो. त्या खिडकीतून दिसते काय? आकृती नाही, कथा नाही. पांढरा पडदा, त्याची जाडी-विरळी, उजेडाचे बदलणे, आवाज. वस्तुनिरपेक्ष चित्र पाहण्याचे याहून चांगले शिक्षण कोणते असेल? आणि ते शिक्षण सौंदर्यासाठी वेगळ्या काढलेल्या दालनात मिळत नाही. ते धरणाच्या भिंतीत मिळते, जेथे उपयोग आणि पाहणे यांच्यात एका दगडाचेही अंतर नाही. जोराचा पाऊस झाला की आमच्याकडे सोलापुरापासून माणसे ते पाहायला लोटतात. त्यांतला कोणीही ‘याचा अर्थ काय’ म्हणून बावरत नाही, आणि कोणी गप्पही बसत नाही. पाणी कोठून येते, धरणाला तडा कसा गेला नाही, आत पाणी का झिरपत नाही, नर कोणता आणि मादी कोणती, हे विचारीत, वाद घालीत, भिजत ती पाहत असतात.

या माणसांना अमूर्त कळत नाही असे जो म्हणतो त्याने ती माणसे पाहिलेली नाहीत. त्यांना कळत नाही ते वेगळेच: कलादालनात आल्यावर आपण नेहमी जे करतो ते का करायचे नाही, हे त्यांना कळत नाही. आणि ते कोणी त्यांना समाधानकारक सांगूही शकणार नाही, कारण त्यामागे युक्तिवाद नाही, केवळ धाक आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अमूर्त चित्रावर मराठीत लिहिणाऱ्याने ‘झेन’, ‘ध्यान’, ‘शून्य’ हे तीन शब्द काही काळ बाजूला ठेवून लिहून पाहावे. रंग कोणता, कोणत्या साधनाने लावला, कोणता थर वर आहे, कोठे खरवडले, आकार किती, किती अंतरावरून पाहिले, तेवढे सांगावे. मग जे वाटले ते सांगावे. मडके, अडकित्ता, तांब्या यांवर लिहिणाऱ्याने त्यांना शिल्पाचा दर्जा देण्याची घाई करू नये. ते कशासाठी होते आणि कोणाच्या हातचे होते ते आधी लिहावे. संग्रहालयांनी नामपट्टीवर वस्तूच्या घडणीविषयी किमान दोन पूर्ण मराठी वाक्ये द्यावीत, आणि वस्तूच्या किंवा चित्राच्या शेजारी एखादा असा माणूस उभा करावा की ज्याला प्रश्न विचारता येईल. रखवालदार तर उभा असतोच.

यात चित्राची अवहेलना होईल, गूढ उणावेल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांना आम्ही एवढेच म्हणू की ज्या चित्राचे गूढ दोन प्रश्नांनी संपते ते मडके कच्चे होते, आणि ते कळणे वाईट नाही. पक्के असेल ते ठोकल्यावर वाजेल. गायतोंडे यांची चित्रे वाजतील याविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती, त्यांच्यावर थापटणे उचलण्याचे धाडस न झालेल्या आपल्या समीक्षेविषयी.